घरच्या राउटरवरून वेबसाइट: जळगाव, पहिल्या पाच आठवड्यांची नोंद

सामान: रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (२ जीबी, पुढे नुसता ‘पाय’), यूएसबी अडॉप्टरवर १२० जीबीची एसएसडी, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि ४० एमबीपीएसची फायबर लाइन. साइट म्हणजे अहिराणी शब्दांची यादी. डेटाबेस नाही, एक पान जेमतेम २०० केबीचं. अपलोडला पूर्ण ४० मिळाले तर हिशेबाने सेकंदाला २५ पानं जातात. शब्दांच्या यादीवर एवढी झुंबड उडायची नाही, त्यामुळे वेगाची चिंता इथेच सोडली.

आठवडा १: आयपी आपला की वाटणीचा

पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून आलेली विचारणा राउटरने पायकडे धाडण्याच्या नियमाला) हात घालण्याआधी एकच तपासणी. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आयपी शेजारी ठेवून पाहायचे. सारखे असतील तर पुढे चला. वॅन आयपी १०ने, १९२.१६८ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ पैकी कशाने सुरू होत असेल, तर आपल्या पुढे आणखी एखादा राउटर बसलेला आहे, घरातला किंवा कंपनीचा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तो सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचं नॅट (एकच आयपी अनेकांत वाटणं). हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. एका पब्लिक आयपीमागे कितीतरी घरं असतात आणि बाहेरून आलेलं पॅकेट कुणाच्या घरी टाकायचं, तो नियम कंपनीच्या यंत्रावर असतो. तिथे आपला हात पोचत नाही. पाटालाच पाणी नाही तर बारे द्यायला शेतात उभं राहून काय उपयोग!

ही लाइन सीजीनॅटचीच निघाली. मार्ग तीन होते.

स्टॅटिक (न बदलणारा) आयपी विकत घेणं सगळ्यात सरळ. मागताना ‘पब्लिक स्टॅटिक आयपी, घरच्या कनेक्शनवर’ असं स्पष्ट म्हणा, आणि वेबसाइटचे पोर्ट ८० (एचटीटीपी) व ४४३ (एचटीटीपीएस) कंपनीकडून अडवलेले नाहीत ना, हेही पैसे भरण्याआधीच विचारा. नुसतं ‘पोर्ट उघडून द्या’ म्हटलं की राउटर रीस्टार्ट करून मिळतो.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब पत्ता) फुकट असतो आणि त्यात फॉरवर्डिंग लागतच नाही. फायरवॉलमध्ये त्या मशीनच्या पत्त्यापुरतं भोक पाडायचं आणि डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) क्वाड-ए, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्याची, नोंद करायची. पण ज्याच्याकडे फक्त आयपीव्ही४ आहे त्याला साइट दिसत नाही, आणि लाइन तुटून जोडली गेली की पत्त्याचा सुरुवातीचा भाग, प्रीफिक्स, बदलू शकतो.

तिसरा मार्ग भाड्याच्या व्हीपीएसचा, म्हणजे पब्लिक आयपी असलेल्या दूरच्या सर्व्हरचा. घरातून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढायचा, घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट जागी ठेवणारं पॅकेट) २५ सेकंद ठेवायचा, नाहीतर वर्दळ नसताना नॅट वाट विसरतं. चांगला मार्ग, पण मग साइट ‘घरून’ चालवण्याची निम्मी मजा जाते.

स्टॅटिक घेतला. तो चालू झाल्यावर पीपीपीओई (राउटरचं कंपनीकडचं लॉगिन) एकदा तोडून पुन्हा जोडावा लागतो, तोवर जुनाच आयपी दिसत राहतो. ज्यांचा आयपी पब्लिक आहे पण बदलता, त्यांना बदललेला आयपी नावाशी जोडत राहणारी डकडीएनएससारखी सेवा पुरते.

आठवडा २: फॉरवर्डिंग

खरं काम दहा मिनिटांचं. आधी राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना आयपी वाटणाऱ्या सोयीत) पायच्या मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्याला १९२.१६८.१.५० बांधून टाकला. हे राहिलं तर एखाद्या दिवशी पायला वेगळा आयपी मिळतो आणि नियम भलत्याच मोबाइलकडे बोट दाखवत बसतो. मग व्हर्च्युअल सर्व्हरच्या पानावर दोन नियम: बाहेरचा ८० आतल्या ८० कडे, बाहेरचा ४४३ आतल्या ४४३ कडे, दोन्ही टीसीपी. राउटरचं स्वतःचं रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर तेच पोर्ट अडवतं, म्हणून ते बंद. यूपीएनपी (यंत्रांनी आपणहून पोर्ट उघडण्याची सोय) बंद. डीएमझेडचा सल्ला जागोजागी मिळतो, त्याने सगळेच पोर्ट त्या एका मशीनवर उघडे पडतात. नको.

कंपनीच्या ओएनटीमागे (फायबर जिथे येऊन संपते ती डबी) स्वतःचा राउटर लावला असेल तर नॅट दोनदा होतं. ओएनटी ब्रिज मोडला (नुसता पूल, नॅट नाही) टाका आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा. ब्रिज मिळत नसेल तर दोन्हीकडे तेच नियम लिहा.

तपासताना वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून साइट उघडा. घरातूनच आपला पब्लिक आयपी उघडायला गेलं तर बऱ्याच राउटरांना हेअरपिन नॅट (आतून निघालेलं पॅकेट परत आत वळवणं) जमत नाही, आणि चालू असलेली साइट बंद वाटते. ‘टाइम आउट’ आला तर पॅकेट वाटेतच मेलं: सीजीनॅट, फायरवॉल किंवा चुकीचा आतला आयपी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा पॅकेट पोचलं, पण तिथे ऐकणारं कुणी नाही, म्हणजे एनजिनएक्स बंद आहे.

आठवडा ३

एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट, मुदत ९० दिवस. साइट आपलीच आहे याची एचटीटीपी पडताळणी पोर्ट ८० वरूनच होते, त्यामुळे ‘आता ४४३ आहे’ म्हणून ८० बंद करू नका. आधी स्टेजिंगवर (त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर) चालवून पाहा. तासाला पाच पडताळण्या फसल्या की पुढच्यांना थांबावं लागतं.

आठवडा ४: लाइट आणि ऊन

इथला मे महिना ४५ अंशांचा. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. पत्र्याच्या खोलीत, प्लास्टिकच्या बंद डबीत ती मजल दुपारीच गाठली जाते. ॲल्युमिनियमची पंखवाली केस घेतली आणि पाय भिंतीवर खाली, जमिनीपासून दोन फुटांवर लावला. गरम हवा छताशी साचते. धाब्याचं घर असेल त्यांनी नशीबवान समजावं.

लाइट गेली की फक्त पाय जगवून भागत नाही, ओएनटी आणि राउटरही जगले पाहिजेत. तिघांचा भार धरला १५ वॉट, म्हणजे महिन्याला साधारण ११ युनिट. १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसमध्ये २२०० एमएएचचे चार सेल म्हणजे ३२ वॉट-तास. कागदावर दोन तास, प्रत्यक्षात दीड धरा. पायला १२ वरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर लागतो. स्वस्त एलएम२५९६ वर तीन अँपियर लिहिलेलं असतं, पण दोनच्या पुढे तो तापतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली आलं की पाय लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज’ लिहितो. ती ओळ दिसली की सॉफ्टवेअरवर शंका घेण्याआधी वायर जाड करा. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचा खटका ‘यूपीएस’वर हवा. ‘नॉर्मल’वर बदलाला लागणाऱ्या वेळात पाय रीबूट होऊ शकतो.

एसडी कार्डाऐवजी एसएसडी घेतली ती याचसाठी. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डं फार लवकर दगावतात. शिवाय पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. लाइट आल्यावर पाय ओएनटीच्या आधी उठतो आणि नेट येईपर्यंत जुनीच वेळ धरून बसतो. त्या काळातल्या लॉगच्या तारखांवर जाऊ नका.

आठवडा ५

पोर्ट उघडल्यापासून लॉगमध्ये वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची विचारणा चालूच आहे. साइटवर वर्डप्रेस नाही, उत्तर ४०४ (पान नाही) जातं, घाबरण्यासारखं काही नाही. पोर्ट २२ (दुरून लॉगिनचा, एसएसएच) मात्र फॉरवर्ड केलेला नाही. बाहेरून आत यायला वायरगार्ड, यूडीपी ५१८२०. चावी नसलेल्याला तो उत्तरच देत नाही.

बाकी राहिलंय ते ओएनटीच्या ॲडॉप्टरचं. त्याची पिन मिनी यूपीएसच्या वायरीत सैल बसते, हात लागला की ओएनटी बंद पडतो. ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ या दोन पिना दिसायला सारख्याच, घेताना ओएनटी सोबत न्यावा.