मांजराच्या काठावरचे चार रविवार

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात धनेगावच्या मांजरा धरणाचा भेगाळलेला तळ मी स्वतः पाहिला होता. त्याच वर्षी परतीच्या पावसाने धरण भरले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी नुसते पाणी पाहायला जाणे हा आम्हा लातूरकरांचा एक कार्यक्रमच झाला. काठावर गळ टाकून तासन्‌तास बसलेली माणसे मला तिथेच दिसली आणि आपणही हे शिकावे असे वाटले. ते प्रत्यक्षात आले मात्र शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर.

पहिल्या रविवारी मी चकचकीत रिळाची काठी घेऊन पाण्याशी पोहोचलो आणि लगेच हटकला गेलो. धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी तिथे विचारावे लागते, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. हटकणारे गृहस्थ संस्थेचे जुने सभासद होते आणि काठावर त्यांना सगळेच मामा म्हणत. संस्थेत विचारून त्यांनी मला बसू दिले, पण अटी घातल्या. "जाळ्याच्या अंगाला बसायचं नाही सर, आणि बोटुकली लागली तर गपचूप पाण्यात सोडायची." रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते, म्हणून संस्था दरवर्षी पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, आणते आणि धरणात सोडते. लहान मासा परत सोडणे ही मी भूतदया समजत होतो, तो मामांच्या दृष्टीने सरळ हिशेब होता.

माझी काठी पाहून ते हसले आणि त्यांनी मला वेळूची काठी दिली. तिला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगूसाला वाटाण्याएवढे शिसे, त्याखाली गळ आणि वर तरंगायला ज्वारीच्या वाळल्या धाटाचा बोटभर तुकडा, एवढाच सगळा सरंजाम. खरी मेख गाठीत होती. गळाच्या दांडीला तंगूसाचे पाच वेढे द्यायचे, टोक पहिल्या फाशातून काढायचे आणि ओढण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करायची. ती कोरडीच आवळली तर घर्षणाने तापून तंगूस तिथेच कमजोर होतो. दुसऱ्या रविवारी मी हे शेवटचे काम विसरलो आणि गळाला लागलेला पहिला मासा गळासकट गेला. तो केवढा होता हे सांगण्यात अर्थ नाही, कारण निसटलेला मासा दर वेळी सांगताना वाढतो.

तिसरा रविवार चिलापीने खाल्ला. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हळद असे आमिष मी मळून नेले होते, त्याचे ही चिवट मासळी टोचून टोचून तुकडे करी आणि गळ स्वच्छ करून परत देई. मामांनी धाट वर-खाली सरकवून दाखवले. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, तेव्हा गळ किती खोल सोडायचा हे आधी ठरवावे लागते. मला रोहू हवा होता, म्हणून तरंगते धाट दोन हात वर सरकवले. त्यानंतरचे काम फक्त त्याच्याकडे पाहण्याचे होते. चिलापी असेल तर ते थरथरते, वाऱ्याने ते डुलते, आणि या दोहोंतला फरक कळायला मला पूर्ण सकाळ लागली. त्या सकाळी मी एकदाही मोबाइल काढला नाही, हे घरी परतल्यावरच लक्षात आले.

चौथ्या रविवारी साडेआठच्या सुमारास धाट आधी आडवे पडले, क्षणभर तसेच राहिले आणि मग तिरके होऊन सरळ पाण्याखाली गेले. "आता," मामा हळूच म्हणाले. मी मनगटाने झटका दिला. काठी वाकली, मासा आत पळाला आणि मी घाईने ओढू लागलो, तसे मामा ओरडले, "अहो, पळू द्या त्याला, दमला की स्वतःहून येतो!" पाचेक मिनिटांनी पाऊण किलोचा रोहू काठाच्या चिखलात आला. त्याच्या खवल्यांच्या कडांना तांबूस झाक होती आणि गळ वरच्या ओठात अगदी कडेला, कसाबसा अडकलेला होता.

माझी पत्नी माळकरी असल्यामुळे मासा घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. मामांनी तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि मीठ, हळद, काळा मसाला लावून तुकडे तव्यावर टाकले. भाकरी मात्र माझ्या डब्यातली होती, घरून पिठल्याबरोबर बांधून दिलेली. संध्याकाळी दार उघडताच पत्नीने दोन पावले मागे सरून पदर नाकाला लावला आणि न्हाणीघराकडे बोट दाखवले. बादलीत पाणी आधीच काढून ठेवलेले होते.