लॅकेज: एन्झाइम घट्ट झालं, रंगही घट्ट झाला

लॅकेज हे लाकूड कुजवणाऱ्या बुरशांचं एन्झाइम; ते घरी कुजक्या लाकडातून काढायचा हा खटाटोप. या खेपेला ट्रॅमेटिस बुरशीने पोखरलेला आंब्याचा ओंडका. लाकूड पांढरट, नख रुततं, धाग्याधाग्याने सुटतं. हीच पांढरी कूज. चौकोनी तुकडे पडणारी तपकिरी कूज घरी आणूच नका. त्या बुरशा सेल्युलोज खातात, लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारा घटक) बरंचसं तसंच सोडतात, आणि लॅकेज फारसं हाती लागत नाही.

चुरा पीएच 5 च्या अ‍ॅसिटेट बफरात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवून मलमलीतून पिळला, मग फिल्टर पेपर. अर्क कोऱ्या चहासारखा. ग्वायकॉल (लॅकेज असलं की रंगणारं रसायन) टाकल्यावर विटकरी छटा चढली, उकळलेल्या अर्कात काहीच नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेलं नव्हतं (तसाच रंग देणाऱ्या पेरॉक्सिडेज एन्झाइमना ते लागतं), त्यामुळे श्रेय बहुधा लॅकेजचंच. त्याचं हवेतल्या ऑक्सिजनवर भागतं.

मग प्रथिनं गाळ होऊन खाली बसावीत म्हणून अमोनियम सल्फेट, 80 टक्के संपृक्ततेपर्यंत. बर्फात ठेवलेल्या अर्काला लिटरमागे अर्ध्या किलोहून थोडं जास्तच लागतं. चिमूट चिमूट टाकायचं, फेस होऊ द्यायचा नाही. खताचं सल्फेट स्वस्त पडतं, पण त्यात लोह असलं तर टॅनिनशी काळं पडतं.

गाळ थोड्या बफरात विरघळवून 12-14 किलोडाल्टनहून (रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू अडवणाऱ्या डायलिसिस नळीत भरला. लॅकेज साधारण 60-70 चं, ते आतच राहतं, मीठ (म्हणजे अमोनियम सल्फेट) निघून जातं. नंतर नळी पाणी ओढून घेणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल 20000 च्या भुकटीत पुरली. हे बघत बसावं असं असतं: भुकटी ओलावते, तिचा चिखल होतो, आणि फुगलेली नळी सुरकुतून चपटी पडते. साखर नको, ती नळीत शिरते.

मिलिलिटरमागची क्रियाशीलता दणकून वाढली. पाणी काढल्यावर वाढणारच, त्यात शुद्धतेचा काय संबंध! शुद्धतेसाठी क्रियाशीलतेला प्रथिनाने भागायचं, आणि गोची तिथेच आहे. एन्झाइमबरोबर घट्ट झालेले लाकडातले रंगीत फिनॉल (टॅनिन वगैरे) ब्रॅडफर्ड या प्रथिन मोजायच्या चाचणीत लुडबुड करतात, लॉरी चाचणीचं तर विचारूच नका. म्हणून ‘इतके पट शुद्ध’ असा आकडा मी सध्या लिहीत नाही.

आता क्रम बदलतोय. मिठाआधीच अर्कात पीव्हीपीपी, म्हणजे बिअर-वाइन नितळ करायची भुकटी. ती पाण्यात विरघळत नाही, टॅनिन धरते, गाळली की गेली. छोट्या नमुन्यात रंग बराच उतरला, ग्वायकॉलची छटा जवळपास तेवढीच राहिली. कोळशाने रंग जातो खरा, पण एन्झाइमही घेऊन जातो.

डीईएई कॉलमची (ऋणभारित रेणू धरणाऱ्या रेझिनची नळी) घाई नाही. पीएच 6 ला लॅकेज ऋणभारित, मस्त चिकटेल; पण ह्युमिक रंगद्रव्यंही ऋणभारितच, तीही चिकटून रेझिनचं वाटोळं करतील. पीव्हीपीपी कॉस्टिकने धुऊन कोणी परत वापरलं असेल तर कॉस्टिक किती टक्के घेतलं, सांगा.