कांचनभट्ट इतका साधा का?

प्रयोगानंतर रंगपटात भेटायला येणारे प्रेक्षक मला हटकून विचारतात, की ‘संगीत शारदा’तला कांचनभट्ट तुम्ही इतका साधा, घरगुती का रंगवता? पैशांच्या लोभाने पोटची पोर पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाची किळसच यायला हवी, असे त्यांचे म्हणणे असते. पूर्वी माझेही तेच होते. पैशांचा विषय निघाला की मी हात चोळत असे, आणि टाळी हमखास मिळे.

मग तालमी चालू असतानाच माझ्या मुलीने एका मुलाला घरी आणले. मुलगा समंजस होता, पण नोकरी कंत्राटी. चहा पुढे करता करता मी पगार विचारला. मग घर स्वतःचे की भाड्याचे, मग डोक्यावर कर्ज किती. त्याने सगळ्याची नीट उत्तरे दिली, मात्र कपाला हात लावला नाही. तो गेल्यावर मी मुलीला म्हणालो, “तुझ्या भल्यासाठीच विचारले ना?” तिने तो साय धरलेला कप उचलला आणि मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी तालमीत इंदिराकाकूची, म्हणजे कांचनभट्टाच्या बायकोची, समजूत घालताना माझ्या तोंडून नेमका तोच सूर निघाला, आणि दिग्दर्शक म्हणाले, “आज जमले!”

मी मुलीचे पैसे घेतले नव्हते, उलट खर्च करायची तयारी होती. हा फरक लहान नाही आणि तो मी कोणालाही ठणकावून सांगेन. तरीही ते लग्न झाले नाही. का, ते मुलीने सांगितले नाही आणि मला विचारवले नाही.

देवलांचे हे नाटक 1899चे. त्यात लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. शारदेच्या नकाराला मांडवात किंमत नसतेच. (बालविवाह रोखणारा 1929चा शारदा कायदा या नाटकावरून आला, असे सांगणाऱ्यांना मी थांबवतो: ते हरविलास सारडांचे आडनाव. त्या कायद्यानेही मुलीचे लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, तिची संमती विचारली नाही.)

माझ्यातला जुना नट म्हणतो, की बापाला माणूस केलेस म्हणजे त्याचा गुन्हा निम्मा माफ केलास. हे मला खोडून काढता येत नाही. पण हात चोळायला लागलो की प्रेक्षकांतला प्रत्येक बाप सुटतो, आणि मीही सुटतो.