तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्कवाला घेऊ की बिनडिस्कचा?

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं दुकान आहे. मोबाइल आणि गेमिंग कन्सोलची दुरुस्ती, जोडीला सेकंडहँड गेमची खरेदी-विक्री. एक प्रश्न मला वर्षभर विचारला जातो आणि गणेशचवथीच्या आधीचे दोन आठवडे तर रोज. मुलगा यूट्यूबवर सगळं बघून आलेला असतो, वडील काउंटरवर हात ठेवून विचारतात, "कन्सोल डिस्कवाला घेऊ की डिजिटल? डिजिटल दहा हजारांनी स्वस्त आहे ना?" मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून आज सवडीनं लिहितोय.

डिस्कवाल्यात गेमची डिस्क घालून खेळता येतं, बिनडिस्कच्या म्हणजे डिजिटल कन्सोलवर गेम नेटवरूनच उतरवायचे. प्रश्न जुनाच आहे. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात विकायला आला २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, बिनडिस्कचा ३९,९९० ला. पुढे किमती बदलत गेल्या, पण लोकांच्या डोक्यात तो दहा हजारांचा फरक बसला तो बसलाच.

माझं उत्तर: डिस्कवाला घ्या.

पैशांचा हिशोब आधी सांगतो, कारण तो सोपा आहे. मोठा गेम नवा घेतला तर पाच हजारांच्या आसपास जातो. डिस्क असेल तर संपवून महिन्याभरात तो निम्म्या किमतीला विकता येतो. डिजिटल गेम विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, आवडला नाही तरी तुमच्याच गळ्यात. चार गेममध्ये दहा हजार वसूल. माझ्याकडे कुर्टीची तीन मुलं येतात, तिघांत मिळून एक डिस्क घेतात. परीक्षेच्या गुणांप्रमाणे पाळी ठरते म्हणे. एका पाच हजारांत तीन घरं खेळतात.

दुसरं, डाउनलोड. आजकालचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात. ५० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगानं चाललं तर साडेचार तास लागतात, आणि आमच्याकडे पावसाळ्यात पूर्ण वेग कुठला! माड पडला की वीजही जाते आणि फायबरही तुटतो. ज्यांच्याकडे फायबर पोचलेलाच नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवायचं आहे, त्यांनी साधा भागाकार करावा: रोजच्या दीड जीबीतून शंभर जीबी उतरवायला सदुसष्ट दिवस. डिस्कवरूनही पुढचे अपडेट उतरवावे लागतात, नाही असं नाही. पण मूळ गेम हातात असतो.

आता खरं कारण. ते पैशांचंही नाही आणि वेगाचंही नाही.

दोन वर्षांपूर्वी बोरीहून एक मुलगा कन्सोल घेऊन आला. पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काका, गेम गेले." मला वाटलं हार्ड डिस्क गेली असेल. टीव्हीला लावून बघतो तर सगळं जागच्या जागी. चाळीसेक गेमची चित्रं ओळीनं, आणि प्रत्येक चित्राजवळ बारीकसं कुलूप. एकावर दाबलं तर खेळायचा हक्क नाही अशी सूचना. दुसऱ्यावर तेच. त्यानं सगळी चाळीस चित्रं एकेक करून माझ्यासमोर दाबून दाखवली. मी मध्ये थांबवलं नाही.

झालं होतं असं. गेम सगळे थोरल्या भावाच्या खात्यावर घेतलेले. पैसे घरातले, आईनं चवथीला दिलेले, मामानं पास झाल्याबद्दल दिलेले. थोरला कामासाठी इंग्लंडला गेला. तिथे पहिल्या पगारात त्यानं नवा कन्सोल घेतला, आपलं खातं टाकलं आणि तो 'मुख्य' म्हणून निवडला. मुख्य एकच असतो, म्हणून त्या क्षणी बोरीतल्या कन्सोलचा हक्क गेला. कुणाची चूक नाही. थोरल्याला फोन लावला तर तो बिचारा म्हणाला, "अरे, मला माहीतच नव्हतं, मी तर नुसतं ओके दाबलं."

तासाभरात आम्ही ते परत जुळवलं. जुना कन्सोल पुन्हा मुख्य केला, थोरला तिकडे नेटवरून स्वतःच्या लॉगिननं खेळतो. चालू आहे अजून. पण त्या दिवसापासून ती गोष्ट मला सुटली नाही. धाकट्याच्या चार वर्षांच्या खेळण्यांची किल्ली साडेसात हजार किलोमीटरवरच्या एका पासवर्डात आहे. तो पासवर्ड हरवला, खातं काही कारणानं बंद झालं, तर विचारायला कुणाच्या दारात जायचं? बहुतेक कंपन्यांच्या अटींत खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आपल्या माघारी मुलांना देण्याचीही सोय नसते. त्याच मुलाच्या पिशवीत तीन डिस्का होत्या. त्यातली एक मी घातली. लगेच चालली.

हे नीट समजून घ्या. डिजिटल दुकानात 'विकत घ्या' असं बटण असतं, पण मिळतो तो परवाना. काय काढायचं, काय ठेवायचं हे ठरवणार विकणारा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं याबाबत कायदा केला, २०२५ पासून लागू झाला. फक्त परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'विकत' म्हणू नका, एवढंच तो सांगतो. छोटी गोष्ट आहे, पण मला ती फार मोलाची वाटते. आपल्याकडेही व्हावी.

माझा भाचा पणजीला आयटीत आहे. तो म्हणतो, "मामा, गाणी, सिनेमे आपण विकत घेतो का? महिन्याचे पैसे भरतो आणि बघतो." मला भाड्याची काहीच अडचण नाही. महिन्याला पैसे भरून शंभर गेम खेळायला मिळत असतील तर जरूर घ्या, परवडतं. भाड्यानं दिलेलं घर भाड्याचं म्हणून दिलं तर तक्रार कसली? विकलं असं सांगून चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, याला माझा विरोध आहे.

आता डिस्कची बाजू घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. डिस्क हातात असली म्हणजे सगळं जिंकलं असं नाही. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्यानं खेळायचा तरी सर्व्हरशी जोडलेलं असावं लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून डिजिटलवाल्यांचा गेम गेला आणि डिस्कवाल्यांचाही. माझ्या कपाटात त्याची एक प्रत आहे. डिस्कला ओरखडा नाही, पण ती आता कशालाच उपयोगी नाही. याच प्रकारावरून रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली. सर्व्हर बंद करताना निदान खेळता येईल अशा अवस्थेत गेम सोडा, एवढीच मागणी. युरोपीय संघाकडे तिच्या बाजूनं दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. कुठली तरी कंपनी बुडाली म्हणून ही माणसं ओरडत नाहीत. आपल्या पैशानं घेतलेली वस्तू आपल्या घरात मेली, म्हणून ओरडतात.

आणि निन्टेंडो स्विच २ या कन्सोलचे काही गेम कार्डवर येतात, पण कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली. गेम नेटवरून उतरवायचा. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचा.

म्हणून मी दुकानात एक साधी चाचणी करतो. कुठलाही गेम विकायला आला की राउटरची वायर काढतो, डिस्क घालतो आणि सुरू होतो का बघतो. पहिलं दृश्य येऊन माणूस चालायला लागला, की मी किंमत बोलतो. वायर काढल्यावर बंद पडणारा गेम मी घेत नाही, कितीही नवा असो. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचेच गेम असतील तर वेगळं, त्यांचा तो स्वभावच आहे. पण एकट्यानं खेळायच्या गोष्टीला दर वेळी परवानगी कशाला मागायची?

ही सवय मला लहानपणापासूनची असावी. नव्वदच्या दशकात शेजारच्या एका तारवट्यानं जहाजावरून येताना मुलांसाठी आठ बिटचा गेम आणला होता, टीव्हीला लावायचा. आम्ही गेमच्या त्या प्लॅस्टिकच्या डबीला 'कॅसेट' म्हणायचो. वाड्यावरच्या सगळ्या घरांतून ती कॅसेट फिरली. सुरू झाली नाही की तोंडानं फुंकर मारायची. आता दुरुस्ती करताना कळतं की फुंकर काही करत नव्हती, काढून पुन्हा घातल्यानं पिना नीट बसत होत्या, इतकंच. उलट तोंडातल्या ओलीनं पिना गंजायच्या. ती कॅसेट माझ्याकडे आहे. पिना स्पिरिटनं पुसल्या आणि मागच्या दिवाळीत लावली. चालली. बनवणारी कंपनी कधीच गेली असेल, तिला कुणी विचारलं नाही.

डिजिटल कुणी घ्यावा? छोट्या कंपन्यांचे कितीतरी सुंदर गेम डिस्कवर येतच नाहीत, ते डिजिटलच घ्यावे लागतात आणि जरूर घ्यावेत, त्या माणसांना पैसे मिळायला हवेत. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर जीओजीसारखं दुकान आहे, तिथे गेमची पूर्ण फाइल उतरवून आपल्या ड्राइव्हवर ठेवता येते, कुलूपाशिवाय. ते डिजिटल असूनही माझ्या चाचणीत पास होतं. घरी दोन-तीन वर्षांचं मूल असेल तरीही डिस्कचा आग्रह धरू नका. डिस्कच्या फटीत बिस्किट घातलेले कन्सोल मी उघडले आहेत. आणि आधीच बिनडिस्कचा घेऊन बसला असाल तर घाबरू नका. प्लेस्टेशन ५ च्या २०२३ मधल्या बारीक मॉडेलपासून डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. फक्त पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, तेव्हा पाऊस नसलेला दिवस बघा.

डिस्क घेतली की ती जपावी लागते आणि गोव्यात तर जास्तच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेत जी ओल असते ती सगळ्यांत आधी कागदाला धरते. खोक्यातल्या चित्राला बुरशी, मग डिस्कवर पांढुरकी साय. ड्राइव्हच्या भिंगावरही तेच, मग लोक म्हणतात डिस्क खराब आहे. किनाऱ्याकडच्या गावांतून आलेल्या मशीनचा एचडीएमआय पोर्ट खाऱ्या हवेनं हिरवा झालेला असतो. गेल्या जुलैत एका कन्सोलचं झाकण उघडलं तर पंख्याच्या बाजूला मुंग्यांनी अंड्यांसकट संसार मांडलेला. कन्सोल गरम राहतो, कोरडा राहतो, त्यांनाही तेच हवं. तेव्हा मशीन बंद कपाटात कोंबू नका आणि पावसाळ्यात दोन-चार दिवसांतून एकदा तरी सुरू करा. डिस्का उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पुसायची तर मऊ कापडानं, मधून कडेकडे. गोल गोल पुसू नका.

मी विकतो त्या प्रत्येक डिस्कच्या खोक्यात, आतल्या बाजूला, तारखेची बारीक चिठ्ठी चिकटवतो. मूळ हेतू गॅरंटीचा होता. मग डिस्का फिरून परत यायला लागल्या आणि मी जुनी चिठ्ठी न काढता शेजारी नवी लावत गेलो. परवा एक बाई मुलाचा जुना गेम विकायला घेऊन आल्या. मुलगा बारावीला आहे, आता वेळ नाही म्हणाल्या. खोकं उघडलं तर कापराचा वास आला. ओल लागू नये म्हणून त्यांनी कापराची वडी कागदात गुंडाळून आत ठेवली होती. झाकणाच्या आत माझ्याच अक्षरात चार चिठ्ठ्या. पहिली २०१९ ची, ती मडकईला गेलेली मला आठवते. मग २०२०, २०२२, २०२३. चार घरं.

राउटरची वायर काढली, डिस्क घातली. चालली. त्यांना सातशे रुपये दिले, कापूर तसाच ठेवला आणि पाचवी चिठ्ठी लावून डिस्क काचेच्या कपाटात ठेवली. नऊशेला आहे. हवी असेल तर या.