तुम्ही विचारलंत म्हणून : फोटोतला रंग मी का बदलत नाही

“ताई, थोडी गोरी करून द्या नं. तुमचं काय जाते?”

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या स्टुडिओत लग्नसराईच्या आधी हे वाक्य सारखं ऐकू येतं. बोलणारी बहुतेक वेळा आई असते, कधी मोठी बहीण. अलीकडे मुलगेही स्वतःसाठी विचारतात. बायोडाटाचा फोटो काढून झालेला असतो, स्क्रीनवर तो छान आलेला सगळ्यांना दिसत असतो, आणि तरी बोट रंगावर येऊन थांबतं. मी नाही म्हणते. मग खरा प्रश्न येतो: बाकीचे स्टुडिओ करून देतात, जाहिरातीत तर सर्रास करतात, तुम्हीच काऊन अडून बसता? मागे दुसरं गिऱ्हाईक ताटकळत असतं, त्यामुळे काउंटरवर पूर्ण उत्तर देता येत नाही. ते इथे देते.

आधी मी काय करते ते सांगते. पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसेल ते मी काढते: मुरूम, ओठाजवळची पुळी, चश्म्याने नाकावर उमटलेली खूण, कपाळावरची घामाची चमक. जे राहणार आहे त्याला हात लावत नाही: तीळ, जुना व्रण, जबड्याची ठेवण, रंग. हा नियम माझ्या वडिलांचा. ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायचे. निगेटिव्हवर शिसं लागलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळ येते, म्हणून सुरकुती बुजवायची तर तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. चेहराभर फिरवली तर माणूस ओळखू येत नाही, हे त्यांना तेव्हाही दिसत होतं. पण त्या कामाला वेळ लागायचा, डोळे दुखायचे, आणि त्यामुळेच त्याला आपोआप मर्यादा होती. 1990 साली फोटोशॉप बाजारात आलं आणि हळूहळू ती मर्यादा गेली. आता तर कित्येक मोबाईल न विचारताच गाल गुळगुळीत करून देतात.

जाहिरातीचं कामही मी करते, इतवारीतल्या साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांचं. रंग, कंबर, दंड बदलायचं काम घेणार नाही हे आधीच सांगते, आणि त्यापायी काही कामं हातची जातात. पण ते कसं होतं हे मला आतून माहीत आहे. त्वचेचा पोत आणि त्वचेचा रंग असे दोन थर वेगळे करतात. रंगाचा थर धुवट, एकसारखा करतात आणि पोताचा थर पुन्हा वर ठेवतात, म्हणजे बघणाऱ्याला शंका येत नाही. मग कंबर आत ढकलायची, मान लांब करायची, डोळे एका फ्रेममधले घ्यायचे, केस दुसऱ्या. सगळं झाल्यावर जी बाई वर्धा रोडच्या होर्डिंगवर उभी राहते, ती कोणत्याही क्षणी कोणत्याही कॅमेऱ्यासमोर उभी नव्हती. मॉडेल म्हणून आलेली मुलगी मी सकाळी पाहिलेली असते. तिच्या डोळ्यांखाली काळं असतं, दंडावर बीसीजीच्या लसीचा वण असतो. पिढ्यान्‌पिढ्या या देशात तान्ह्या बाळांना ती लस देतात, तुमच्या-माझ्या दंडावर तो वण आहे, आणि होर्डिंगवरच्या दंडांवर तो शोधून सापडत नाही. पुढच्या वेळी सिग्नलला थांबाल तेव्हा बघा.

याचा परिणाम माझ्या काउंटरवर येतो. मुली स्क्रीन मोठी करायला सांगतात आणि गालावरची रंध्रं दाखवून विचारतात, “हे खड्डे जातील का?” ते खड्डे नाहीत. प्रत्येक माणसाच्या त्वचेला ती असतात, त्वचेचं तेल तिथूनच बाहेर येतं. पण रंध्रं नसलेली त्वचा इतकी वर्षं पाहिल्यावर असलेली त्वचा आजारी वाटायला लागते, आणि मग इलाज सुरू होतात. स्टिरॉइड असलेली मलमं गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावलेले चेहरे मी पाहिले आहेत. कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, नको तिथे केस येतात. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. अशा चेहऱ्याची मुलगी समोर बसते आणि म्हणते, फोटोत तरी नीट करा, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिला मी आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगते, फोटो नंतर.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते. “गोरं करून द्या” म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा फोटो आयुष्यात कोणी नीट काढलेलाच नसतो. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर अख्ख्या चौकटीची सरासरी मध्यम करड्या रंगाची धरून चालतं. मागे पांढरा पडदा, अंगात पांढरा कुर्ता, आणि मधे सावळा चेहरा असेल, तर कॅमेरा पांढऱ्याला सांभाळतो आणि चेहरा अंधारात टाकतो. शाळेच्या ग्रुप फोटोत, आधार कार्डावर, मामाच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या मुलीने स्वतःला असंच पाहिलेलं असतं. त्यात समोरून फ्लॅश मारला की कपाळ चमकतं आणि बाकी चेहरा सपाट होतो. ती समजते, आपला रंगच असा. तिच्या रंगाचा यात काहीही दोष नाही.

या गोष्टीला इतिहास आहे. रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी अनेक दशकं एक नमुना कार्ड पुरवायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर लागलं. काळ्यासावळ्या चेहऱ्यांचे बारकावे फिल्ममध्ये बुडून जात. पुढे फिल्म सुधारली ती, त्या काळचे कंपनीतले लोक सांगतात त्याप्रमाणे, चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी तक्रारी केल्या म्हणून, त्यांच्या मालाच्या छटा फोटोत येत नव्हत्या म्हणून. माणसांसाठी जे झालं नाही ते कपाटांसाठी झालं. मला हे वाचून जो राग आला तो अजून गेलेला नाही.

म्हणून मी रंगाऐवजी प्रकाश बदलते. मागचा पडदा मातकट किंवा गडद हिरवा लावते. दिवा समोरून न लावता बाजूने लावते, मोठा आणि मऊ, आणि मीटर चेहऱ्यावर धरते. सावळ्या त्वचेवर गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला प्रकाशाची जी रेघ उमटते, ती गोऱ्या त्वचेवर तशी उमटत नाही. चेहऱ्याला घडण येते, डोळे उठून दिसतात. पावडर मात्र लावून येऊ नका, फ्लॅशमध्ये ती राखेसारखी दिसते. आणि एक, हातांचा रंग चेहऱ्याशी जुळवून मागू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. मुली गाडीवर स्कार्फ बांधून फक्त डोळे उघडे ठेवतात, हात मात्र उन्हात असतात. ते काळवंडतात कारण त्वचा उन्हापासून स्वतःला वाचवायला मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार करते. शरीर आपलं काम चोख करतंय, त्यात खोडण्यासारखं काही नाही.

बायोडाटाचं वेगळं सांगायला नको. फोटो उजळवला, पसंती आली, पाहुणे घरी आले. चहापोहे झाले, आणि मग फोनवर निरोप: “फोटोत वेगळी दिसते.” खोटेपणा फोटोत केला असतो दुसऱ्यांनी, आणि खाली मान मुलीला घालावी लागते. तुमचं काय जाते, या प्रश्नाचं हे माझं उत्तर आहे. माझं काही जात नाही, तिचं जातं.

कायद्याने हे थांबवता येईल का, असंही काही जण विचारतात. बाहेर प्रयत्न झाले आहेत. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं तर ‘फोटोत फेरफार केला आहे’ असं जाहिरातीवर छापावं लागतं. पण तो नियम अंगकाठीपुरता, त्वचेचा रंग त्यात येत नाही. नॉर्वेचा 2022 पासूनचा नियम मला आपल्यासाठी जास्त योग्य वाटतो, कारण त्यात त्वचाही धरली आहे आणि इन्स्टाग्रामवरून जाहिरात करणारेही. ब्रिटनमध्ये 2011 साली जाहिरात नियामकाने अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्सचा फोटो असलेली एक सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात बंद केली. फोटोतला परिणाम खरंच त्या प्रसाधनाचा आहे, रिटचिंगचा नाही, हे कंपनीला दाखवून देता आलं नाही. पुरावा जाहिरातदाराने द्यायचा, बघणाऱ्याने नाही, ही पद्धत मला पटते.

आपल्याकडे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने, म्हणजे एएससीआयने, 2014 साली गोरेपणाच्या जाहिरातींसाठी नियम केले: सावळी व्यक्ती दुःखी, मागे पडलेली, लग्नाला न चालणारी दाखवायची नाही. चांगले नियम आहेत. चेन्नईहून 2009 साली ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम सुरू झाली, अभिनेत्री नंदिता दास पुढे तिच्यात आल्या. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ 2020 मध्ये गेलं. पण नियम जाहिरातीतल्या गोष्टीवर लागतो. गोष्ट न सांगता नुसता रंग उजळवून छापला तर कोण पकडणार?

आणि याचं सगळ्यात वाईट उदाहरण सौंदर्यप्रसाधनांचं नाहीच. बारावीचा, नीटचा निकाल लागला की शहरभर क्लासेसचे होर्डिंग लागतात, गुणवंतांच्या चेहऱ्यांच्या रांगा. मी त्यातल्या काही मुलांना ओळखते, लहानपणापासून त्यांचे फोटो काढलेत. होर्डिंगवर सगळ्यांचे चेहरे एकाच फिक्या रंगाचे. रात्र-रात्र बसून जिने मार्क मिळवले, तिचा सत्कार करताना तिचा रंग पुसला, आणि तिला विचारलंही नाही. खालून शाळेत जाणाऱ्या दहा वर्षांच्या सावळ्या पोरीला त्यातून काय कळतं? हुशार मुलांमध्ये आपल्यासारखं कोणी नाही, हेच.

मालकांना मी बोलले आहे. छापणारा करतो म्हणतात. छापणारा म्हणतो, टेम्प्लेटच तसं आहे. तेव्हा यंदा निकालानंतर क्लासवाले तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो मागायला आले, तर देतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: रंगात बदल करायचा नाही, छापण्याआधी आम्हाला दाखवायचं. फोटो तुमचा आहे, अट तुम्ही घालू शकता. चांगला फोटो नसेल तर माझ्याकडे या, त्या मुलांचा फोटो मी काढून देईन, पैसे घेणार नाही.