चवथीची शॉर्टफिल्म, नोंद ५ : एकतीस पानांचं गणित एकदाचं सुटलं

मंडळी, मागच्या नोंदीनंतर बरेच दिवस गेले, कारण एडिट असं अडकून पडलं होतं की लिहिण्यासारखं काही नव्हतंच. आता पहिला अख्खा कट हातात आहे, १६ मिनिटं ४० सेकंद, आणि ज्या एका जागी सगळं अडलं होतं ती जागा सुटलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी फिल्मची गोष्ट थोडक्यात सांगते, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. फोंडा तालुक्यातलं जुनं मूळ घर, त्यात आबा वर्षभर एकटे. मुलं, भाऊ, पुतणे कोण मुंबईला, कोण दुबईला, एक तर वास्कोलाच, पण तोही येतो चवथीलाच. गोव्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, कुळाचा गणपती मूळ घरातच पुजतात त्यामुळे वर्षभर कुलूप असलेल्या खोल्या त्या दीड दिवसासाठी उघडतात आणि मग घरात पाय ठेवायला जागा नसते. तर चवथीच्या दुपारी आरतीच्या आधी आबा जुनं घुमट (आरतीला वाजवतात ते, मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य) काढायला माळ्यावर चढतात, खाली पुतण्या लाइटची माळ लावायला नेमकी तीच शिडी उचलून नेतो, आबा वर अडकतात. खाली पंगत बसते. घरची माणसं आबा धरून ३१, पानं ३१. शेजारचा पोरगा येऊन आबांच्या पानावर बसतो, आकडा बरोबर जुळतो, कोणाला पत्ताच लागत नाही.

हो, हे 'होम अलोन'वरूनच सुचलंय आणि ते मी पहिल्या नोंदीपासून सांगतेय. १९९० चा सिनेमा, लेखन जॉन ह्यूजचं, दिग्दर्शन ख्रिस कोलंबसचं. लोकांना त्यातले चोर, रंगाचे डबे, इस्त्री एवढंच आठवतं, पण मी तो पुन्हा पुन्हा बघितला तो पहिल्या वीसेक मिनिटांसाठी. मुलाला घरी विसरून अख्खं कुटुंब विमानात बसतं, तरी प्रेक्षकाला त्या आईचा राग येत नाही, हे कसं केलंय ते बघा. रात्री वादळात लाइट जाते, गजर बंद पडतो, सगळे उशिरा उठतात. आदल्या रात्री सांडलेलं दूध पुसताना त्याचं तिकीट कागदांबरोबर कचऱ्यात गेलेलं असतं. आणि गाडीत चढताना डोकी मोजणारी चुलत बहीण शेजारच्या मुलाला धरून मोजते. तीन बारीक बारीक कारणं, एकातही कोणी वाईट माणूस नाही. माझ्या मते सणाच्या विनोदी सिनेमाचा सगळा भार इथेच असतो, घरच्यांना वाईट दाखवलं की हसू संपलं, मग ते रडकं नाटक होतं.

आम्हीपण तीन कारणं बांधली. शिडी, शेजारचा पोरगा, आणि तिसरं म्हणजे आरतीचा आवाज. ज्यांनी घरातली घुमटआरती ऐकलीय त्यांना पटेल, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य), कासाळें (मोठ्या झांजा) एकदम सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, माळ्यावरून मारलेली हाक कुठून येणार.

पण सप्टेंबरच्या शेवटी कच्चा कट नऊ जणांना घरच्या टीव्हीवर दाखवला आणि नऊच्या नऊ जणांनी एकच विचारलं. आरती संपल्यावर आबा हाक का मारत नाहीत? आरती संपते, लोक जेवायला बसतात, तेव्हा घर शांत असतं की. मी आधी म्हटलं घसा बसलाय असं दाखवू, मग म्हटलं फटाके लावू, मग वर झोप लागली असं लिहिलं, तीन वेळा शूट केलं, तिन्ही खोटं वाटलं. महिनाभर मी त्या ४० सेकंदांपाशी बसून होते.

उत्तर मिळालं ते आमच्या काकांकडून, म्हणजे जे आबांचं काम करतायत ते. काका चाळीस वर्षं गावच्या जत्रेत मराठी नाटकं करतायत, पहाटे तीनला शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायला हवं अशी सवय, त्यामुळे सुरुवातीला त्यांचा प्रत्येक संवाद मोबाइलच्या माइकला फाडून जायचा (याबद्दल नोंद २ मधे लिहिलंय). मी त्यांना शेवटी सांगितलं की काका, या सीनला तुम्ही काहीच बोलू नका, नुसतं फळीच्या फटीतून खाली बघा. खाली तेव्हा आमची सोळा माणसं तालमीला बसली होती. काका पालथे पडले, बघत राहिले, आणि मग आपसूक त्यांची बोटं हलायला लागली. अंगठा करंगळीच्या पेरावर, मग पुढच्या पेरावर, मग पुढच्या, जशी आपली म्हातारी माणसं मोजतात तशी. मधेच थांबून एका डोक्याकडे निरखून बघितलं, हसले, परत मोजायला लागले. शेवटी ओठातल्या ओठात म्हणाले, एकतीस. आणि मान हलवून निवांत हनुवटी हातावर टेकवली.

मला तिथल्या तिथे कळलं की झालं. आबांनी वर्षभर ज्या आकड्याची वाट बघितली तो आकडा पुरा भरलाय, सगळी आलीयत, सगळी जेवतायत, मग हाक कशाला मारायची? आकड्यात आपण स्वतः नाही हे त्यांच्याही लक्षात येत नाही. घरच्यांनी विसरणं वेगळं आणि आबांनीच स्वतःला विसरणं वेगळं, आणि हे दुसरं माझ्या स्क्रिप्टमधे नव्हतंच. नवा कट त्याच नऊ जणांना दाखवला तेव्हा 'एकतीस'वर आधी मोठ्याने हसले आणि मग खोलीत कोणी काही बोलेना.

आता हा शॉट कसा काढला ते, कारण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. वरून दिसायला हवीत ३१ डोकी आणि माझ्याकडे माणसं १६, खरी चवथ (२७ ऑगस्ट) होऊन गेल्यामुळे पाहुणे केव्हाच परतलेले. मोबाइल माळ्याच्या वाशाला क्लॅम्पने घट्ट बांधला, फोकस आणि एक्स्पोजर लॉक केलं, आणि खाली पंगतीच्या दोन ओळी. आधी डावीकडे १६ जण बसवून शूट, मग त्यातल्याच १५ जणांनी कपडे बदलले, बायकांनी अंबाडा सोडून वेणी घातली, आणि उजव्या ओळीत बसले. वरून कोणाचा चेहरा दिसतच नाही, त्यामुळे खपून जातं. रिझॉल्व्हमधे (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) दोन क्लिप एकावर एक ठेवून दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात मास्कची रेघ मारली, म्हणजे रेघेच्या डावीकडे एक क्लिप दिसते आणि उजवीकडे दुसरी. त्या रेघेवरून कोणी हात किंवा वाढपी न्यायचा नाही एवढंच सांभाळायचं, म्हणून स्क्रिप्टमधे नियम घातला की या घरात सगळं आधी वाढून होतं आणि मग सगळे एकदम जेवायला बसतात, कोणी मागे एकटं राहायचं नाही, आणि हा नियम आबांनीच घातलेला. तांत्रिक अडचणीतून आलेली ही गोष्ट आता मला अख्ख्या फिल्ममधे सगळ्यात जवळची वाटते. वाइड लेन्स टाळा, कडेची डोकी लांबट होतात. आणि मधे ढग आला तर उजेडात फरक पडतो, माझा पडला, कलरमधे जुळवायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

फ्रेम रेटबद्दल परत सांगते कारण विचारणारे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली सेकंदाला २४ फ्रेमवर शूट केलं की पट्टे सरकताना दिसतात, माझं स्वयंपाकघराचं पहिलं शूट त्यात फुकट गेलं. २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, हे ठरवून टाका.

माटोळीचं (गणपतीच्या वर फळं आणि रानातल्या वस्तू बांधून टांगतात ती चौकट) मात्र काही करता आलं नाही. खऱ्या चवथीला काढलेल्या क्लिप्समधे माटोळी भरगच्च आहे, सुपारीची शिपटं, आंबाडे, तोरिंगं, कवंडाळं, चिबूड, नारळाचा घड. सप्टेंबरात परत शूट करायला गेलो तर चिबूड पिकून फुटलेले, आंबाडे गळलेले, परत तशी बांधायची तर अर्ध्या रानातल्या वस्तू मिळेनात. मग कॅमेरा पाटाच्या उंचीवर खाली आणला, माटोळी फ्रेमच्या वरच राहिली. पाय, पानं, पाट एवढंच दिसतं. आणि त्यामुळे पाटाचा सीन उभा राहिला.

तो सीन असा. चवथीच्या आदल्या रात्री आबा एकटे, ३१ पाट धुऊन पुसून मांडलेत, आणि कुठला डगमगतो ते बघायला ते एकेका पाटावर बसून बघतात. बसले, डावीउजवीकडे हलले, उठले, पुढच्यावर. तो आवाज ऐका, टक, टक, लाकूड जमिनीवर. एक सापडतो डगमगणारा, त्यावर खडूने फुली मारतात आणि तो स्वतःच्या जागी नेऊन ठेवतात. कट न करता अडीच मिनिटं ठेवलाय. लांब होतोय असं दोघातिघांनी सांगितलं, मी कापणार नाहीये. चॅप्लिनच्या १९२५ च्या 'गोल्ड रश'मधे तो नववर्षाच्या रात्री टेबल मांडून पाहुण्यांची वाट बघत झोपतो आणि स्वप्नात काट्यांना पाव टोचून नाचवतो, तो नाच सगळ्या जगाला माहितीय, पण पाहुणे आलेलेच नाहीत हे बाजूला काढलं तर तो नुसता हातचलाखीचा खेळ राहील. पाटाच्या सीनचं तसंच आहे, पुढे पंगतीत शेजारचा पोरगा त्याच पाटावरून मणगण्याच्या (चणाडाळीच्या खिरीच्या) वाटीसकट कलंडतो, सगळे हसतात, आणि थोरल्या सुनेला खडूची फुली दिसते. हा पाट तर आबांचा. तिथून शोध सुरू.

आवाजाचं काम बाकी आहे. आता घुमटाला बकऱ्याचं कातडं असतं, घोरपडीच्या कातड्याला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि पावसात ते कातडं सैल पडतं, चुलीजवळ शेकून घ्यावं लागतं. आम्ही पहिल्या टेकला शेकलं, नंतर विसरलो, त्यामुळे एकाच आरतीत घुमटाचा सूर दोन ठिकाणी उतरलाय. परत रेकॉर्ड करायला नरकासुराची रात्र (दिवाळीची आदली रात्र, गोव्यात तेव्हा नरकासुराचे पुतळे जाळतात) निवडली ही तर मोठीच चूक, गावात तीन ठिकाणी स्पीकर, पहाटेपर्यंत एक टेक मिळाला नाही. आता तुळशीच्या लग्नानंतर बघू.

रूम टोन मात्र मिळालाय. ज्या मावशीच्या घरात शूट करतोय ती तिथे एकटीच असते, तिला सांगितलं की तीस सेकंद कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, मला रिकाम्या घराचा आवाज हवाय. ती हात पदरात घेऊन बसली. पागोळ्या, घड्याळ, लांब कुठेतरी माड हलतोय, एवढंच. मी स्टॉप दाबल्यावर म्हणाली, झालं? आणखी हवा असेल तर घे, मला सवय आहे. म्हणून पाच मिनिटं घेतला. शेवटच्या शॉटखाली, सगळ्या गाड्या निघून गेल्यावर, तोच लावणार आहे.