खरीप नसलेला देश : ग्रीसमधले आठ दिवस

अपोलो देवाच्या प्राचीन देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या डेल्फीची पहिली बस चुकली, कारण पहाटे आम्ही अथेन्सच्या भलत्याच स्टँडवर जाऊन उभे होतो. चूक आमचीच. कोरिंथ, नाफ्प्लियोच्या बस किफिसोस स्टँडवरून सुटतात, डेल्फीच्या लिओसिओनवरून. आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि परतीच्या बसची वेळही तेव्हाच पक्की करा. रस्ता साधारण तीन तासांचा आहे.

उशिराच्या बसमुळे निदान झोप तरी झाली होती. थिब्जच्या पुढे बिओशियाचं मैदान लागलं. मेचा शेवटचा आठवडा, गहू पिवळाधमक, एका शेतात हार्वेस्टर फिरत होता. आईचं लहानपण माणदेशात गेलेलं. तिनं लगेच विचारलं, "आता पावसाळ्यात इथं काय पेरतात रे?"

आता पावसाळा नाहीच! इथला पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि वसंतात संपतो; उन्हाळा कोरडा ठणठणीत. आज पाणी देऊन कापूस वगैरे घेतात, पण जुन्या काळी धान्याचं म्हणाल तर जवळजवळ सगळी रब्बीच. अथेन्सला वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस.

"मग उन्हाळाभर हे लोक करायचे काय?" खरं तर ग्रीसचा निम्मा इतिहास या प्रश्नाच्या उत्तरात आहे. एक म्हणजे लढाया. आपल्याकडे पाऊस सरला की दसऱ्याला सीमोल्लंघन. त्यांच्या मोहिमा निघायच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सच्या शत्रूचं, स्पार्टाचं, सैन्य अ‍ॅटिकात म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या मुलखात घुसलं ते ओंब्या पिकल्या असताना, उभं पीक नासवायला. दुसरा समुद्र. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्या खुला होतो; ग्रीकांचा दर्या हिवाळ्यात बंद. अथेन्सचा नाटकांचा मोठा उत्सव मार्च-एप्रिलात व्हायचा, म्हणजे दर्या खुला झाल्यावर बाहेरगावचे पाहुणेही येऊ शकत.

डेल्फीत देवळाच्या चौथऱ्यावरून खाली बघा. दरीपासून इतेआच्या खाडीपर्यंत नुसती ऑलिव्हची झाडं. एका झाडाचं पान उलटून पाहिलं: वरून गर्द आणि चिवट, खालून चंदेरी लव. पाणी उडून जाऊ नये म्हणून ही सोय. खोड पोकळ, पण बुंध्यातून नवे धुमारे फुटलेले. गहू जाळला तर वर्ष जातं; ऑलिव्ह तोडला तरी पुन्हा फुटतो. अथेन्सला धान्य पुरत नसे, ते काळ्या समुद्राकडून यायचं. अथेन्सचे कायदे घडवणाऱ्या सोलोननं तर इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला तेल सोडून बाकी शेतमाल बाहेर विकायला बंदीच घातली.

कोरिंथला जाल तर अ‍ॅक्रोकोरिंथ हा डोंगरी किल्ला चुकवू नका. ५७५ मीटर उंचीवरून दोन्हीकडचे समुद्र एकदम दिसतात आणि मधली चिंचोळी पट्टी पाहून कोरिंथच्या श्रीमंतीचं कोडं सुटतं. दक्षिणेला वळसा घालून जाणं धोक्याचं, म्हणून प्राचीन काळी फरसबंद वाटेवरून जहाजंच ओढून पलीकडे न्यायचे. आजचा कालवा १८९३ चा. गावापासून वर चालत जाण्याचा हट्ट आम्ही केला, तुम्ही करू नका. सावली औषधालाही नाही. टॅक्सीनं वर जा, चालत उतरा.

अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या प्राचीन देवळांच्या टेकडीची वेळ ठरवून मिळणारी तिकिटं ऑनलाइन काढा, सकाळची पहिली घ्या. उष्णतेच्या लाटेत भर दुपारी बंद ठेवतात. तिथला संगमरवर पावलांनी इतका गुळगुळीत झालाय, की आईच्या चपला दोनदा सटकल्या. रबरी सोलचे बूटच हवेत. अथेन्समध्ये नळाचं पाणी खुशाल प्या, बाटली भरून घ्या.

शाकाहारी मंडळींनी 'लादेरा' मागावं: भेंडी, फरसबी, वांगी, सगळं ऑलिव्ह तेलात शिजवलेलं. 'निस्तीसिमा' म्हणजे उपवासाचं, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो, तेव्हा विचारूनच खा.

बेटांवर जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर एक सूचना. त्या दिवसांत उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाआधीचा एक पूर्ण दिवस अथेन्ससाठी मोकळा ठेवा.